गारगोट्यांचं कपाट: उजेड कुठून टाकायचा?

[दृश्य: काळ्या दगडावर कॅव्हन्साइटचा निळा गोळा. वरचा दिवा बदलतो, तसा रंगही बदलतो.]

वाघोलीच्या खाणीतला कॅव्हन्साइट पिवळ्या दिव्याखाली धरला, की त्याचा निळा रंग मळकट वाटतो. पांढऱ्याफेक ट्यूबखाली तो निळा सुधारतो, पण शेजारचा पीचरंगी स्टिल्बाइट लगेच राखाडी दिसायला लागतो. दगड तेच असतात, फरक फक्त उजेडाचा असतो. म्हणून कपाटाचं प्लाय कापायच्या आधी दिवा ठरवायचा.

दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थंड होत असताना त्यात वायूच्या पोकळ्या राहिल्या. पुढे त्यांतून खनिजयुक्त गरम पाणी झिरपलं आणि झिओलाइट गटातल्या खनिजांचे स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगावच्या खाणींत आजही सुरुंगानंतर या पोकळ्या उघड्या पडतात. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयात यांतले मोठमोठे नमुने मांडलेले आहेत. आपल्याला हवंय घरातलं, पंधरा-वीस नमुन्यांचं, तीन कप्प्यांचं कपाट.

[दृश्य: जमिनीवर मांडलेले प्लायचे तुकडे, त्यांवर पेन्सिलच्या खुणा.]

१२ मिलिमीटरचं प्लाय घ्या. कपाट आतून ६० सेंटिमीटर रुंद आणि प्रत्येक कप्पा २० सेंटिमीटर उंच. बाजूंचे दोन तुकडे ६४.८ बाय २८, वरचा आणि खालचा ६० बाय २८. मधल्या दोन फळ्या मात्र ६० बाय २५. पुढे सोडलेल्या त्या तीन सेंटिमीटरमध्ये सरकत्या काचांचा चॅनल बसतो. मधल्या फळ्याही २८ च्या कापल्या, तर काच बसवायच्या दिवशी सगळं अडतं, आणि हे नेमकं तेव्हाच कळतं. पाठीला ६ मिलिमीटरचं प्लाय, ६२.४ बाय ६४.८. त्याला कोपऱ्यात, प्रत्येक कप्प्याच्या वरच्या अंगाला, ८ मिलिमीटरचं भोक. वायर तिथून मागे जाईल.

फळ्यांसाठी अॅक्रिलिक नको. नमुन्यासोबतचा बेसॉल्ट दगड जड असतो. ५ मिलिमीटरचं अॅक्रिलिक ६० सेंटिमीटरच्या गाळ्यात महिनोन्‌महिने वजन घेऊन हळूहळू वाकतं आणि पुन्हा सरळ होत नाही. नमुने उंचावर ठेवायच्या छोट्या पायऱ्यांना ते चालेल.

आतून मॅट राखाडी सनमायका लावा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढरा स्कोलेसाइट दिसेनासा होतो. काळं मखमल दुकानात भारी दिसतं, घरी आठवड्याभरात त्यावर कापसाचे तंतू दिसायला लागतात.

[दृश्य: फळीच्या पुढच्या कडेखाली बसवलेली लाकडी झालर. तिच्या मागे तिरका अॅल्युमिनियम चॅनल.]

आता उजेड. बहुतेक घरगुती कपाटांत एलईडीची पट्टी कप्प्याच्या छताला मधोमध किंवा मागे चिकटवलेली असते. त्यामुळे नमुन्याचा माथा उजळतो आणि आपल्याकडची बाजू अंधारात राहते. पट्टी पुढे हवी, आणि तिचं तोंड मागे. प्रत्येक कप्प्याच्या छताला, पाठीपासून २५ सेंटिमीटरच्या रेषेवर, ४ सेंटिमीटर उंचीची झालर लावायची. तिच्या मागच्या कोपऱ्यात ४५ अंशांचा कॉर्नर चॅनल. उजेड तिरका खाली जातो, स्फटिकांच्या पैलूंवरून आपल्याकडे परततो, आणि दिवा डोळ्यांत येत नाही.

खालून उजेड टाकायचा मोह बऱ्याच जणांना होतो. सुट्या, पारदर्शक अपोफिलाइटच्या टोकाला तो खरंच शोभतो. पण आपले बहुतेक नमुने दगडासकट असतात, आणि दगडातून काही उजेड पार होत नाही.

पट्टी १२ व्होल्टची, मीटरला १२० एलईडी, ९.६ वॉट. रंगछटा ४००० केल्विन, आणि सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याचं माप, ९० किंवा त्याहून जास्त. हा शेवटचा आकडा वेष्टनावर छापलेला नसेल, तर ती पट्टी घेऊ नका. कॅव्हन्साइट आणि स्टिल्बाइट दोघांचेही रंग एकाच कप्प्यात सांभाळायचे, तर तडजोड इथेच होते.

तीन एलईडींचा एक गट असतो, म्हणून कात्रीची खूण दर अडीच सेंटिमीटरला येते. तेवीस गट कापले, की ५७.५ सेंटिमीटर. उरलेल्या अडीच सेंटिमीटरमध्ये वायरची वळणं मावतात. एका पट्टीला साडेपाच वॉट, तिघींना साडेसोळा, म्हणजे सुमारे १.४ अँपिअर. १२ व्होल्ट, २ अँपिअरचा बंद अॅडॉप्टर पुरतो आणि त्याच्यावर ताणही येत नाही. उघड्या टर्मिनलचा एसएमपीएस (पत्र्याच्या डब्यातला वीजपुरवठा) थोडा स्वस्त पडेल, पण २३० व्होल्टची उघडी टोकं घरात कशाला? अॅडॉप्टर कपाटाबाहेर ठेवा, म्हणजे त्याची उष्णता आत येणार नाही.

[दृश्य: सोल्डरिंग आयर्नचं टोक, तांब्याच्या चिमुकल्या पॅडवर.]

तिन्ही पट्ट्यांना अॅडॉप्टरपासून वेगवेगळी वायर न्या. पॅडला आधी थोडं कथील लावा, वायरच्या टोकालाही लावा, मग दोन्ही टेकवा. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त आयर्न धरला, तर पॅड उचकटून येतो आणि तो गट वाया जातो.

पट्टी चॅनलमध्ये बसवल्यावर दिवे लुकलुकायला लागले, तर अॅडॉप्टर खराब आहे असं लगेच ठरवू नका. कापलेल्या टोकाचे पॅड अॅल्युमिनियमला टेकून शॉर्ट होत असतात, आणि अॅडॉप्टर स्वतःला वाचवायला बंद-चालू होतो. सोल्डरच्या जागी, खालून-वरून, उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावली की प्रश्न मिटतो.

चॅनलवर दुधी झाकण बसवायचं की नाही? अपोफिलाइटचे पैलू आरशासारखे असतात. झाकण नसेल तर प्रत्येक पैलूत एलईडीच्या ठिपक्यांची रांग दिसते. दुधी झाकणाने ती जाते, पण बारीक स्फटिकांच्या साखरेसारख्या थराची चमचमही जाते. चमचम यायला बिंदूसारखाच दिवा लागतो. म्हणून झाकण ठेवा, आणि असे चमचमणारे नमुने एका कप्प्यात गोळा करून तिथे बाजूने १ वॉटचा एक स्पॉट जोडा. हॅलोजनचा स्पॉट नको. अपोफिलाइट एका दिशेने सहज चिरतो, रोजच्या तापण्या-निवण्याने भेगा वाढतात.

[दृश्य: सरकती काच वरच्या खोल खाचेत घालून खालच्या खाचेत सोडली जाते.]

फटींना सिलिकॉन भरणार असाल, तर न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं, बंद कपाटात ते तांब्याला आणि कॅल्साइटला बाधतं. काचा लावण्याआधी कपाट दोन आठवडे उघडं वाळू द्या. याच कपाटात शंखशिंपले ठेवायचा विचार असेल, तर सोडून द्या. लाकडातून सुटणाऱ्या आम्लाच्या वाफेने त्यांवर पांढरी भुकटी धरते.

पावसाळ्यात सिलिका जेलची पुडी ठेवावीशी वाटते. संग्रहात लॉमोन्टाइट असेल तर नको. कोरड्या हवेत त्याच्यातलं पाणी उडतं आणि उभा स्फटिक भुगा होतो. जांभळ्या अॅमेथिस्टला मात्र खिडकीतल्या उन्हापासून जपायचं, तो फिका पडतो.

नमुना डुगडुगत असेल, तर पुट्टी फक्त दगडाच्या खालच्या बाजूला लावा, स्फटिकाला कधीही नाही. लेबल पायरीच्या पुढच्या कडेला, थोडं मागे कललेलं, म्हणजे वरचा उजेड अक्षरांवर पडेल. लेबलवर आधी खाणीचं ठिकाण लिहा, मग खनिजाचं नाव. खनिज पुढे कुणालाही ओळखता येतं. ते वाघोलीचं की राहुरीचं, हे लेबल हरवल्यावर सांगणं कठीण. म्हणून तोच क्रमांक दगडाच्या पाठीवर, पांढऱ्या रंगाच्या ठिपक्यावर काळ्या शाईने, लिहून ठेवा.