गिझरचं बिल कुठे फुगतं

[दृश्य: वाघोलीतला एक फ्लॅट. बाथरूमच्या भिंतीवर १५ लिटरचा गिझर, खाली रिकामी बादली.]

निवेदन:

गिझर सहा वर्षांचा. तक्रार एका ओळीची: बटण लावलं की पाच मिनिटांत ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, पडतो आणि घरभर अंधार. याच तक्रारीला फोनवर कुणी चारशे रुपये सांगतं, कुणी अडीच हजार. दोघंही फसवतायत असं नाही. उघडल्याशिवाय खर्च कुणालाच सांगता येत नाही. व्हिजिट चार्ज मात्र आधीच ठरवून घ्यावा. पुण्या-मुंबईत तो साधारण ३०० ते ५०० असतो. दुरुस्ती केली तर तो बिलातून वजा होणार का, हेही त्याच फोनवर विचारावं.

[दृश्य: एमसीबी खाली. मेकॅनिक इनलेटचा अँगल कॉक बंद करतो.]

नुसतं बटण बंद करून गिझरला हात लावू नये, एमसीबी, म्हणजे वीज तोडणारा मुख्य स्विच, पाडायचा. मग थंड पाणी आत सोडणारा खालचा नळ, म्हणजे अँगल कॉक, बंद करायचा. आता गरम पाण्याचा नळ सोडला तरी टाकी रिकामी होत नाही, कारण गरम पाणी टाकीच्या वरच्या टोकातून बाहेर येतं. थंड पाण्याच्या बाजूचा पाइप सोडवला की सगळं पाणी खाली येतं. बादली त्यासाठीच.

[दृश्य: खालचं प्लास्टिकचं कव्हर निघतं. वायरींचा फोटो. मल्टीमीटरचे काटे कॉईलच्या दोन टोकांना.]

वायरी काढण्याआधी मोबाईलवर फोटो. मग मीटर. २००० वॅटची कॉईल २३० व्होल्टवर चालते, म्हणजे तिचा रेझिस्टन्स सव्वीस ओहमच्या आसपास यायला हवा. इथे २६ येतोय. कॉईल तुटलेली नाही, पाणी गरम करतेय. आता एक काटा कॉईलच्या टोकाला आणि दुसरा टाकीच्या धातूला. इथे मीटरने काहीच दाखवायला नको, पण आकडा दिसतोय. कॉईलच्या नळीला कुठेतरी बारीक चीर गेली आहे. आतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड ओली झालीय आणि करंट पाण्यात उतरतोय. ३० मिलिअँपिअर गळती झाली की ईएलसीबी पडतो. तो ‘सारखा पडतो’ म्हणून काढून टाकणारे इलेक्ट्रिशियनही भेटतात. अशाला घरात घेऊ नये.

[दृश्य: फ्लँजचे नट सुटतात. फ्लँज ओढला जातो, पण निघत नाही.]

कॉईल, थर्मोस्टॅटची (पाणी हवं तेवढं तापलं की वीज तोडणाऱ्या भागाची) नळी आणि मॅग्नेशियमचा रॉड एकाच फ्लँजवर, म्हणजे टाकीच्या तोंडावरच्या धातूच्या झाकणावर, बसलेले असतात. तो सहज खाली यायला हवा, पण इथे अडकलाय. कॉईलभोवती क्षार इतका चढलाय की ती भोकातून बाहेर येत नाही. इथे मजुरी वाढते. दहा मिनिटांचं काम पाऊण तासाचं होतं.

[दृश्य: क्लोजअप. कॉईलवर बोटभर जाड पांढरट-पिवळा थर. मेकॅनिक पेचकसाच्या मुठीने ठोकतो, खपल्या बादलीत पडतात.]

हा थर कुठून आला? सोसायटीत टँकर आणि बोअरचं पाणी येतं. दख्खनच्या बसाल्ट खडकातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की ते कार्बोनेट होऊन जिथे सर्वात जास्त उष्णता असते तिथेच चिकटतात, म्हणजे कॉईलवर. त्या पुटामुळे कॉईलची उष्णता पाण्यात जात नाही, नळी आतल्या आत जास्त तापते आणि फाटते. गिझर चालू असताना कडकड, टकटक आवाज येतो तो याच थराचा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत सूट. खडकवासल्याचं किंवा भातसा-तानसाचं धरणाचं पाणी त्यामानाने मऊ. तोच गिझर तिथे दोन-तीन वर्षं न उघडता चालतो.

पण या फ्लँजवर कॉईलपेक्षा दुसरी एक वस्तू पाहण्यासारखी आहे.

[दृश्य: फ्लँजवर गंजल्यासारखी बारीक तार. शेजारी नवा रॉड, अंगठ्याएवढा जाड.]

ही तार म्हणजे एकेकाळचा मॅग्नेशियम रॉड. त्याचं काम झिजणं हेच. टाकी आतून काचेसारख्या इनॅमलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पत्र्याची. मुलाम्यात सुईच्या टोकाएवढी भोकं राहतातच आणि पाणी तिथून पत्रा खाऊ पाहतं. मॅग्नेशियम लोखंडाच्या आधी स्वतः खर्ची पडतं. रॉड संपला की पत्र्याची पाळी. नवा रॉड साधारण २०० ते ५०० रुपयांचा. टाकी गेली तर ती ३-४ हजारांच्या घरात, शिवाय मजुरी. तेवढ्यात नवा गिझर अर्धा आलाच. आमच्या मते गिझरमधली सर्वात दुर्लक्षित वस्तू हीच. वॉरंटी कार्डावर टाकीला पाच-सात वर्षं लिहिलेली असतात, पण क्षारामुळे झालेलं नुकसान आणि रॉडची झीज त्यात सहसा धरत नाहीत.

[दृश्य: टिश्यू पेपरने फ्लँजची कड पुसली जाते. दुसऱ्या एका गिझरच्या तळाशी तांबूस ओघळ.]

‘टाकी लीक आहे’ हे वाक्य ऐकलं की आधी टिश्यू पेपर घ्यावा. सगळं कोरडं पुसून दहा मिनिटं थांबायचं. फ्लँजच्या कडेला ओल आली तर गेलं फक्त रबरी गॅस्केट, म्हणजे ५० ते १०० रुपयांचं काम. पाणी आतल्या फोममधून, तांबूस होऊन येत असेल तर टाकीच गेली. जुन्या तांब्याच्या टाकीला झाळ लावता येत असे. इनॅमलच्या टाकीला नाही, वेल्डिंगच्या आचेने आजूबाजूचा मुलामाच जळतो.

तिसरीही एक गळती असते, आणि तिच्यावर लोक उगाच पैसे घालवतात. थंड पाण्याच्या बाजूला बसवलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून, गिझर चालू असताना, थेंब थेंब पाणी पडतं. १५ लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर गेलं की सुमारे २०० मिलिलिटरने फुगतं, आणि थंड पाण्याच्या पाइपात परत जायची वाट बंद असल्याने ते इथूनच बाहेर पडतं. हा बिघाड नाही. त्या तोंडाला बूच मारणं हा मात्र जिवाशी खेळ आहे. गिझर बंद असतानाही धार लागत असेल तरच व्हॉल्व्ह बदलावा, किंवा प्रेशर तपासावं. गच्चीवरच्या टाकीपासून खाली दर १० मीटरला १ बार प्रेशर चढतं. वीस मजली इमारतीत मधे प्रेशर कमी करणारा व्हॉल्व्ह नसेल तर पहिल्या मजल्यावरच्या गिझरवर जवळजवळ ६ बार बसतात. कितीपर्यंत चालेल ते गिझरच्या पट्टीवर छापलेलं असतं, उदाहरणार्थ ०.८ मेगापास्कल म्हणजे ८ बार.

[दृश्य: कटआउटवरचं लाल बटण. बोट दाबतं, ‘टक्’.]

पाणी अजिबात गरम होत नसेल तर कॉईलच्या आधी हे पाहावं. बऱ्याच मॉडेलमधे जास्त तापल्यावर कटआउट, म्हणजे वीज तोडणारा सुरक्षा-स्विच, उडतो आणि हे बटण दाबेपर्यंत चालू होत नाही. दाबायला पैसे लागत नाहीत. पण पुन्हा उडाला तर थर्मोस्टॅटचे काँटॅक्ट चिकटलेत असं समजावं. थर्मोस्टॅट साधारण २५० ते ५००. आणि प्लग काळा पडला असेल तर दोष गिझरचा नव्हे: २००० वॅटला जवळपास ९ अँपिअर लागतात, त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट हवं.

गॅस गिझरचं गणित वेगळं. ठिणगी पडत नसेल तर आधी दोन सेल बदलून पाहावेत. मग पाण्याच्या दाबाने गॅस सुरू करणारा रबरी पडदा, म्हणजे डायफ्राम, पाहावा. गॅस गिझर बंद बाथरूमच्या आत लावलेला असेल तर दुरुस्तीआधी बाहेर काढावा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

[दृश्य: नवी कॉईल, नवा रॉड, नवं गॅस्केट. टाकीतून मूठभर खपल्या निघतात.]

या गिझरचं बिल: व्हिजिट ३५०, कॉईल ७००, रॉड ३००, गॅस्केट ८०, मजुरी ४००. एकूण १,८३०. पक्कं बिल घेतलं तर वर १८ टक्के जीएसटी. टाकी कडक ॲसिडने धुऊ दिली नाही. सायट्रिक ॲसिडचं पाणी अर्धा तास ठेवून खळबळलं.

नट समोरासमोरचे, आळीपाळीने आवळायचे, नाहीतर गॅस्केट एका बाजूला दबतं. मग आधी पाणी, नंतर वीज. गरम पाण्याचा नळ सोडून ठेवायचा, हवा फुसफुसत बाहेर पडून सलग धार लागेपर्यंत. कोरड्या टाकीत बटण लावलं तर नवी कॉईल तिथेच जळते.

[दृश्य: थर्मोस्टॅटची चावी ५५ वर. कव्हरच्या आतल्या बाजूला मार्करने आजची तारीख आणि ‘रॉड बदलला’.]

धरणाचं पाणी असतं तर पुढची तारीख दोन-तीन वर्षांनंतरची लिहिली असती. इथे एका वर्षाची लिहिली आहे.