पांढरी क्युबेन्सिस: टोपी नको, बीजाणू पाहा

मंडळी, पांढऱ्या ‘मॅजिक मशरूम’चे फोटो हल्ली कुणाच्या ना कुणाच्या फोनवर येतच असतात. दुधासारखी टोपी, देठावर शाई सांडल्यासारखे निळे डाग, खाली ‘अल्बिनो’ असं लिहिलेलं. त्याबरोबर दोन समजुती ठरलेल्या. एक, ही वेगळी आणि दुर्मीळ जात आहे. दोन, पांढरी आहे म्हणजे जास्त जोरकस आहे. पहिली समजूत सरळसरळ चुकीची आहे आणि दुसरीला काही आधार नाही. आज या दोन्हींचा हिशेब करू. लागवडीबद्दल इथे काही सांगणार नाही. का, ते कायद्याचं बोलू तेव्हा येईलच.

आधी मूळ रूप. या ‘मॅजिक मशरूम’चं, म्हणजे नशा आणणाऱ्या या अळंबीचं, शास्त्रीय नाव सायलोसायबी क्युबेन्सिस. हिची टोपी २ ते ८ सेंटिमीटर रुंद असते. कोवळेपणी शंकूसारखी, मग घंटेसारखी, शेवटी जवळजवळ सपाट. मध्यभागी तांबूस-सोनेरी आणि कडेकडे फिकट होत जाणारी. देठ ४ ते १५ सेंटिमीटर, पांढरट, दाबला की निळा पडणारा. टोपीखाली पातळ पडदा असतो. तो फाटला की देठावर वलय उरतं आणि वरून झडणाऱ्या बीजाणूंनी, म्हणजे अळंबीच्या धुळीएवढ्या बियांनी, ते जांभळट-काळं होतं. हे काळवंडलेलं वलय लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. गुरांच्या शेणावर किंवा शेण मुरलेल्या कुरणात, उष्ण आणि दमट हवेत ही अळंबी उगवते.

फ्रँक्लिन अर्ल यांनी १९०६ साली क्युबातून हिची नोंद केली, तेव्हा नाव होतं स्ट्रोफारिया क्युबेन्सिस. पुढच्याच वर्षी फ्रेंच कवकशास्त्रज्ञ पातुइयार यांनी टोंकिनमधून, म्हणजे आजच्या उत्तर व्हिएतनाममधून, आणि १९४१ मध्ये मरिल यांनी फ्लोरिडातून हीच अळंबी निरनिराळ्या नावांनी नोंदवली. सायलोसायबी या वंशात तिला आणलं रोल्फ सिंगर यांनी, १९४०च्या दशकाच्या अखेरीस. मेक्सिकोतल्या ओआहाकाच्या मासातेक लोकांत ती शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो याच्या नावाने ओळखली जाते. तिथली गुरं स्पॅनिश लोकांबरोबर आलेली, तेव्हा हे नावही त्यानंतरचंच. जाता जाता, अमेरिकेच्या आखाती किनाऱ्यावर ती ब्राह्मण जातीच्या गुरांच्या कुरणांत सापडते. ही वशिंडाची गुरं आपल्याकडून गेलेल्या गीर, कांकरेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या कृष्णा व्हॅली या रक्तांतून तयार झालेली आहेत.

आता पांढरेपणाकडे येऊ. वनस्पतिशास्त्राच्या अर्थाने हा ‘प्रकार’ नाही. जात तीच, फक्त माणसाने निवडून टिकवलेला वाण. हापूस आणि पायरी या काही दोन जाती नव्हेत, तसंच. नावं विकणाऱ्यांनी दिलेली आहेत, त्यांना कुठल्या नियमावलीचं बंधन नाही. एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आणि दोन नावांखाली एकच गोष्ट, हे सर्रास चालतं.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘अल्बिनो ए प्लस’चं. टोपी हस्तिदंती, कधी किंचित पिवळसर झाक असलेली. पण ती पूर्ण उमलू दिली आणि बीजाणू झडू दिले, तर ते गडद जांभळट-तपकिरीच निघतात. म्हणजे रंगद्रव्य बनवायची क्षमता शाबूत आहे, टोपीत ते पोचत किंवा बनत नाही एवढंच. याला ल्युसिस्टिक म्हणतात. खऱ्या अल्बिनोत बीजाणूंनाही रंग नसतो आणि असे वाणही आहेत. तेव्हा नावात ‘अल्बिनो’ आहे यावरून काहीच ठरत नाही. निवाडा बीजाणू करतात.

आणि इथे आपलं सगळ्यांचं घरचं उदाहरण आहे. भाजीवाल्याकडचं पांढरं बटण मशरूम. अगॅरिकस बायस्पोरस मुळात तपकिरी टोपीची. १९२६ साली अमेरिकेत पेन्सिल्वेनियातल्या एका शेतकऱ्याच्या वाफ्यात पांढऱ्या टोप्यांचा एक घोस निघाला. तो वेगळा काढून वाढवला, आणि आज पाकिटात येणारं पांढरं मशरूम त्याच वंशातलं. मात्र त्याचे बीजाणू आजही चॉकलेटी आहेत. म्हणजे रीतसर बोलायचं तर आपण मटार घालून जी भाजी करतो ती ल्युसिस्टिक उत्परिवर्तकाची, म्हणजे जनुकात बदल झालेल्या अळंबीची.

हे घरी करून पाहता येतं आणि कायद्याची अडचणही नाही. बटण मशरूमचं एखादं मोठं, पडदा फाटून खालचे कल्ले, म्हणजे टोपीखालचे पातळ पापुद्रे, दिसू लागलेलं फळ घ्या. पाकिटातली घट्ट मिटलेली बटणं चालणार नाहीत, त्यांत बीजाणू पिकलेलेच नसतात. बहुतेकांचा प्रयोग इथेच फसतो. देठ टोपीच्या पातळीला कापा. अर्धा पांढरा आणि अर्धा काळा कागद शेजारी शेजारी चिकटवून त्यांच्या सांध्यावर टोपी ठेवा, कल्ले खाली. वरून पाण्याचा एक थेंब, मग काचेचा वाडगा उपडा घाला आणि रात्रभर हलवू नका. पंखा बंद ठेवा, वाऱ्याने ठसा पसरतो. कल्ले ओले असतील तर ठशाऐवजी डाग पडतो, म्हणून धुतलेलं मशरूम नको. सकाळी पांढऱ्या अर्ध्यावर चॉकलेटी रेषांचं चक्र उमटलेलं दिसेल.

काळा अर्धा कशासाठी? फिकट किंवा रंगहीन बीजाणू पांढऱ्या कागदावर दिसतच नाहीत. ठसा पडलेला असतो आणि माणूस ‘बीजाणूच नाहीत’ म्हणून मोकळा होतो. याच्या उलट घोटाळाही होतो. काही फिकट वाण मुळातच फार कमी बीजाणू सोडतात, काहींचा पडदा नीट उघडतच नाही. अशा वेळी कागद कोरा राहतो आणि ‘बीजाणू रंगहीन आहेत’ असा निष्कर्ष निघतो. बीजाणू रंगहीन असणं आणि बीजाणूच नसणं, यांतला फरक काळ्या कागदावर किंवा सूक्ष्मदर्शकाखालीच कळतो.

सूक्ष्मदर्शकाखाली क्युबेन्सिसचा बीजाणू देखणा दिसतो. लांबी साधारण ११ ते १७ मायक्रॉन, रुंदी ८ ते ११. बाजूने लंबगोल, भिंत जाड, आणि एका टोकाला अंकुर फुटण्यासाठी छिद्र. बीजाणू तयार करणाऱ्या एकेका पेशीच्या टोकाला असे चार-चार. (बटण मशरूमला दोन-दोन, बायस्पोरस हे नाव त्यावरूनच.) ४०० पट मोठं केलं की आकार कळतो, भिंत आणि छिद्र पाहायला १००० पट आणि तेलाचं भिंग लागतं. अल्बिनोचा बीजाणू याच मापाचा, याच घडणीचा, पण काचेसारखा. साध्या प्रकाशात तो पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो, म्हणून कॉटन ब्लूने रंगवून पाहतात. बीजाणूच्या भिंतीतलं गडद रंगद्रव्य त्याला उन्हातल्या अतिनील किरणांपासून वाचवतं. ते गेल्यावर उघड्या कुरणात टिकणं कठीण, बंद खोलीत मात्र काही बिघडत नाही.

आणखी एक सापळा आहे. प्रत्येक फिकट अळंबी उत्परिवर्तक नसते. हिची टोपी ओली असताना गडद आणि वाळताना फिकट होते. वय झालं, ऊन लागलं, की रंग उडतो. अंधार आणि कोंडलेल्या हवेतही अळंब्या फिकट आणि लांबोड्या होतात. फिकटपणा पिढीजात आहे की परिस्थितीचा, हे एका फोटोवरून कुणी सांगू शकत नाही.

मग हा पांढरेपणा टिकला कसा? कवकाच्या ज्या जाळ्यातून अळंबी उगवते, त्याच्या प्रत्येक पेशीत दोन वेगळी केंद्रकं नांदतात, एकेका बीजाणूकडून आलेली. रंगाची बिघडलेली प्रत एकाच केंद्रकात असेल तर दुसऱ्यातली चांगली प्रत काम भागवते आणि टोपी तपकिरीच दिसते. दोन्हींत बिघडलेली प्रत आली तरच पांढरेपण उघडं पडतं. कुरणात हा योग क्वचित येतो. पण बंदिस्त जागी, पिढ्यान्‌पिढ्या त्याच त्या साठ्यातून वाढवलेल्या वाणात तो वारंवार येणार. १९७०च्या दशकात घरगुती लागवडीची पद्धत पसरली, ती मोजक्या नमुन्यांवरच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०२३ साली ३८ रानटी नमुन्यांचे आणि ८६ विक्रीतल्या वाणांचे जीनोम ताडून पाहिले. रानात रुळलेल्या अळंब्यांत जनुकीय विविधता टिकून आहे, आणि वाण मात्र कमालीचे एकसुरी, कित्येक तर दोन्ही केंद्रकांत जवळपास तीच प्रत बाळगणारे. भडक नावांच्या शेकडो पाकिटांमागे वेगळेपण किती तुटपुंजं आहे, ते यातून दिसतं. माझ्या मते या विषयातली खरी कुतूहलाची गोष्ट ही आहे, पांढरा रंग तिच्या मानाने किरकोळ.

आता जोराबद्दल. नशा आणणारी द्रव्यं दोन, सायलोसायबिन आणि सायलोसिन. ती १९५८ मध्ये सँडोझ या औषध कंपनीच्या स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथल्या प्रयोगशाळेत आल्बर्ट हॉफमन यांनी वेगळी काढली, तेही क्युबेन्सिसमधून नव्हे तर सायलोसायबी मेक्सिकानामधून. अळंबीत सायलोसायबिन ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून बनतं. त्यासाठीची चार विकरं जर्मनीतल्या येना इथल्या गटाने २०१७ मध्ये ओळखली. टोपीच्या रंगाची वाट वेगळी आहे. ती तुटली म्हणून ट्रिप्टोफॅनची वाट आपोआप रुंद होत नाही.

मग समजूत आली कुठून? निळ्या डागांमुळे. पेशी फुटल्या की एक विकर सायलोसायबिनमधला फॉस्फेट काढतं आणि सायलोसिन मोकळं होतं. दुसरं विकर, लॅकेज, त्याचं ऑक्सिडीकरण करतं आणि रेणू एकमेकांना जोडले जाऊन निळा रंग उमटतो. तपकिरी टोपीवर तोच निळा झाकला जातो, पांढरीवर उठून दिसतो. निळं जास्त दिसलं म्हणून द्रव्य जास्त, असा तर्क करणाऱ्याने हेही पाहावं, की निळा डाग म्हणजे खर्ची पडलेलं सायलोसिन आहे. आणि प्रमाणाचं म्हणाल तर १९८२ मध्ये बिगवुड आणि ब्यूग या संशोधकांनी काटेकोर नियंत्रणाखाली वाढवलेल्या क्युबेन्सिसमध्येच चौपट फरक मोजला. बाहेरून आलेल्या नमुन्यांत तो दहापट होता. इतक्या नियंत्रणातही चौपट फरक पडत असेल, तर वाणाच्या नावावरून किंवा रंगावरून मात्रेचा अंदाज बांधणं धोक्याचंच.

याहून मोठा धोका ओळखण्यातला आहे. क्युबेन्सिसची रानात ओळख कशावर चालते? सोनेरी टोपी, गडद बीजाणू, काळवंडलेलं वलय. पूर्ण अल्बिनोत या तिन्ही खुणा पुसल्या जातात. उरतं काय, तर पांढरी टोपी, पांढुरके कल्ले, देठावर पांढरं वलय. नेमकं हेच वर्णन अमानिटा वंशातल्या जीवघेण्या पांढऱ्या अळंब्यांचं. त्यांचा ठसाही पांढराच. फरक असतो देठाच्या बुडाशी, अमानिटाला तिथे पिशवीसारखं आवरण असतं, आणि वरून उपटली की ते मातीतच राहून जातं. उत्परिवर्तक रानात जवळपास मिळत नाही, विषारी अळंबी मात्र मिळते. म्हणून फोटोतली पांढरी छत्री डोक्यात ठेवून कुरणात फिरणाऱ्याच्या बाजूने काहीही नाही.

भारतात क्युबेन्सिस आणि तिच्या भाईबंदांच्या नोंदी तमिळनाडू आणि केरळमधून झालेल्या आहेत. आपल्याकडे पावसाळ्यात हिरवळीवर जी मोठी पांढरी ‘कुत्र्याची छत्री’ उगवते, ती पुष्कळदा क्लोरोफिलम मोलिब्डायटीस असते. ठसा हिरवट, आणि खाल्ली तर काही तासांत उलट्या-जुलाब. गोव्यात श्रावणाच्या सुमारास विकली जाणारी वारुळावरची ओळमी ही टर्मिटोमायसिस, फिकट आणि खाण्याची. फिकट रंग इथे विषारी आणि खाद्य दोन्हींना सारखाच आहे.

कायदा थोडक्यात. सायलोसायबिन आणि सायलोसिन ही दोन्ही १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याच्या परिशिष्टात आहेत. म्हणूनच लागवडीचं बोललो नाही. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका जामीन अर्जावर अळंबी हे त्या द्रव्याचं ‘मिश्रण’ मानता येणार नाही असं म्हटलं, आणि लगेच ‘आता कायदेशीर झालं’ अशा बातम्या फिरल्या. तो प्रश्न मोजमापाचा होता, अख्ख्या अळंबीचं वजन धरायचं की आतल्या द्रव्याचं. परिशिष्टातून काहीही वगळलेलं नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञांना इतर उपचारांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी सायलोसायबिन देता येतं, पण ते औषध म्हणून, मोजलेल्या मात्रेत आणि देखरेखीखाली.

मागच्या रांगेतून प्रश्न आलाय, की कुणी चुकून रानातली पांढरी अळंबी खाल्लीच तर काय करायचं. त्रास किती वेळाने सुरू झाला याची नोंद करा, डॉक्टर पहिल्यांदा तेच विचारतील. दोन तासांत उलट्या झाल्या तर बहुधा पोटापुरतं विष असतं. सहा ते बारा तास काहीच न होता मग जोराचे जुलाब लागले, तर अमानिटाचा संशय घ्यायचा. त्यानंतर एखादा दिवस बरं वाटतं आणि लोक घरी परततात. यकृत निकामी होऊ लागतं ते त्याच सुमारास. एप्रिल २०२२ मध्ये वरच्या आसामात रानटी अळंब्या खाऊन तेरा जण दगावले. बरं वाटलं तरी मोठ्या रुग्णालयातून हलू नका. मिश्र खाल्ल्या असतील तर लवकर उलट्या झाल्या म्हणूनही निर्धास्त होऊ नका. उरलेली अळंबी, अगदी शिजवलेली किंवा उष्टीसुद्धा, कागदी पिशवीत घालून सोबत न्या. प्लॅस्टिकमध्ये ती काही तासांत कुजून चिखल होते आणि ओळख पटवणं अवघड होऊन बसतं. जागेवर अजून एखादी उभी असेल तर चाकूने बुडासकट, मातीसह उकरून आणा.