ताळा जुळला, हिशेब चुकला

तुम्ही सगळे रोज सिम्युलेशन करणारे, त्यामुळे एलिमेंट म्हणजे काय, वस्तूचे कॉम्प्युटरमध्ये पाडलेले लहान तुकडे वगैरे, इथपासून सुरुवात करत नाही. विषय जाहीर झालाय तो असा: पाणी आणि पत्रा यांच्या टकरीत ऊर्जेचा ताळेबंद कसा तपासायचा. पण आधी माझी फजिती ऐका, त्याशिवाय पुढचं पटायचं नाही.

नवीन होतो तेव्हा एक पोकळ पेटी पाण्यावर आपटवली. कॉम्प्युटरमध्ये हो, खरी पेटी माझ्या हातात कोण देणार! वजन 200 किलो, वेग सेकंदाला 10 मीटर. म्हणजे गतिज ऊर्जा 10,000 ज्यूल, तोंडी होतं. रन संपल्यावर गुणोत्तर काढलं: आत्ताची सगळी ऊर्जा भागिले सुरुवातीची ऊर्जा अधिक बाहेरून झालेलं काम. 0.97! आलेखावरची रेषा जवळजवळ सपाट. मी ती अहवालाच्या पहिल्याच पानावर डकवली. आत्ता जे हसले, त्यांनीही कधीतरी डकवलेली असणार.

बैठकीत मागे एक वयस्कर गृहस्थ तोवर डोळे मिटून बसले होते. डोळे न उघडताच म्हणाले, ‘‘तळाच्या पत्र्याचं एकट्याचं काढलंत का?’’ नव्हतं काढलं. संध्याकाळी काढलं. पत्र्याची अंतर्गत ऊर्जा 400 ज्यूल आणि आवरग्लास ऊर्जा, म्हणजे एलिमेंटची खोटी वेडीवाकडी हालचाल आवरण्यात गेलेली, 110. पाव हिश्शाहून जास्त! दहा टक्क्यांवर गेलं तरी आपण भुवया उंचावतो. पण एकूण 10,000 पुढे 110 म्हणजे जेमतेम एक टक्का, तिथे ते कोणाला दिसणार? चित्रात विस्थापन वीसपट करून पाहिलं, तर पत्रा धड वाकलाच नव्हता. एक नोड, म्हणजे एलिमेंटचा कोपरा, वर, शेजारचा खाली, पुन्हा वर. एकाच इंटिग्रेशन बिंदूचे शेल होते ते, म्हणजे पत्र्याचे चपटे एलिमेंट, ज्यांचा ताण मधल्या एकाच बिंदूवर मोजतात. मधोमध बसलेल्या त्या बिंदूला चार कोपऱ्यांची ही कवायत कळतच नाही. ते 110 ज्यूल पत्र्याने पचवलेले नव्हते, कोपऱ्यांना आवरायला सॉफ्टवेअरने लावलेल्या कृत्रिम बळाचे होते. आणि मी त्याच अहवालात पत्रा पातळ करा म्हणून सुचवलं होतं.

(काही सॉफ्टवेअरमध्ये तर हे आवरग्लासचं खातं आपण सांगितल्याशिवाय उघडतच नाही. मग रेषा खाली झुकते आणि लोक मेश, म्हणजे एलिमेंटची जाळी, बदलत बसतात.)

तेव्हापासून सपाट रेषा दिसली की मी आधी खाती उघडायला लावतो. काँटॅक्टचं, म्हणजे दोन वस्तू टेकतात तिथलं, खातं उणे गेलं आणि पत्र्याची अंतर्गत ऊर्जा तेवढीच फुगली, तरी बेरीज जागची हलत नाही. ताळा जुळतो, पत्रा मात्र फुकटची ऊर्जा खाऊन बसलेला असतो.

बाई घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं, म्हणजे मूळ विषयाला पाच मिनिटं. भरभर सांगतो.

एक, पाणी स्थिर मेशमधून वाहवलं की प्रत्येक टप्प्यावर राशी एका एलिमेंटमधून दुसऱ्यात जातात. त्यात वस्तुमान आणि संवेग जपले जातात, गतिज ऊर्जा थोडी गळते. डोनर सेल या पद्धतीत जास्त, व्हॅन लीअरच्या पद्धतीत कमी. त्यामुळे रेषा हळूहळू उतरली तर घाबरू नका. चढली तर मात्र रन थांबवा.

दोन, पाण्याने पत्र्यावर केलेलं काम वेगळं मोजा: कपलिंगचं, म्हणजे पाणी-पत्रा जोडणीचं, बळ गुणिले वेग, आणि त्याची सगळ्या वेळेभरची बेरीज. त्यात गुरुत्वाचं काम मिळवलं की पेटीच्या ऊर्जेतला बदल निघाला पाहिजे. नाही निघाला, तर पाणी पत्र्यातून झिरपतंय का ते बघा.

तीन, हे माझं लाडकं. फॉन कारमान यांनी 1929 मध्ये आणि वाग्नर यांनी 1932 मध्ये सागरी विमानांच्या उतरण्यासाठी पाण्यावर आदळण्याचं गणित मांडलं. पाचर स्थिर वेगाने पाण्यात घुसवली, तर वाग्नरच्या मांडणीत पाण्याला दिलेल्या कामातलं निम्मं कडेच्या तुषारांच्या पातळ झोतात जातं. निम्मं! आपलं एलिमेंट त्या झोताहून जाड, म्हणून तो विरघळतो आणि ऊर्जा जाते. पण झोतात दाब जवळपास वातावरणाइतकाच, म्हणून पत्र्यावरच्या भाराला फारसा धक्का लागत नाही. तीच ऊर्जा पत्र्याखालच्या एलिमेंटमधून गेली असती, तर मी तो रन टाकून दिला असता.

तीन स्लाइड राहिल्या. त्यात तीच पेटी आहे, पूर्ण इंटिग्रेशनचे शेल घालून. ज्यांना पाहायचीय त्यांनी बाहेर लॅपटॉपपाशी या.