पुण्याची उंची आणि रेडिएशनचा डोस

श्रोतेहो, नमस्कार. कर्करोगाच्या पेशंटला ज्या यंत्राखाली झोपवून रेडिएशन देतात, तो लिनॅक म्हणजे कणत्वरकच. तांब्याच्या निर्वात नळीत सुमारे ३,००० मेगाहर्ट्‌झच्या लहरींवर इलेक्ट्रॉन वेग घेतात, टंगस्टनवर आदळतात आणि क्ष-किरण निघतात. तिथल्या भौतिकशास्त्रज्ञाचं सकाळचं पहिलं काम म्हणजे डोस मोजणं.

यंत्र गरम झालं की टेबलावर पाण्यासारखेच किरण शोषणारे प्लास्टिकचे स्लॅब रचायचे. त्यांच्या पोटात आयन चेंबर, म्हणजे ०.६ घनसेंटिमीटर हवेची पोकळी. किरणांचं क्षेत्र १० बाय १० सेंटिमीटर, स्रोतापासून स्लॅबचा पृष्ठभाग १०० सेंटिमीटरवर. बंकर, म्हणजे जाड भिंतींची यंत्राची खोली, रिकामा आहे याची खात्री करून दार लावायचं, १०० मॉनिटर युनिट (यंत्र किरणांची मात्रा ज्यात मोजतं ते एकक) द्यायची आणि चेंबरमधला विद्युतभार मोजणाऱ्या इलेक्ट्रोमीटरवरचा आकडा टिपायचा. असं तीनदा.

हा आकडा तसाच वापरायचा नाही. चेंबरची पोकळी बाहेरच्या हवेला उघडी असते. हवा विरळ असली की आयन कमी बनतात आणि आकडा लहान येतो. या आकड्यावरून डोस काढायचा कॅलिब्रेशनचा गुणक २० अंश सेल्सिअस आणि १०१३ हेक्टोपास्कल धरून दिलेला असतो. पुणं मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर आहे, इथला दाब ९५०च्या आसपास. नुसत्या उंचीपायी आकडा ६ ते ७ टक्के कमी येतो. त्यात खोली २७ अंशांवर असेल तर दुरुस्तीचा गुणक १.०९पर्यंत जातो. मुंबईत दाबाची दुरुस्ती किरकोळ असते, इथे ती जिवाची गोष्ट आहे.

घोटाळा होतो तो असा. मोबाइलवर किंवा हवामानाच्या नकाशावर जो दाब दिसतो, तो बहुतेक वेळा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, १०१० वगैरे. तो दुरुस्तीच्या सूत्रात घातला की डोस खराखुरा असूनही कमी भासतो. त्यावर विसंबून कोणी यंत्राचं आउटपुट, म्हणजे दर युनिटमागचा डोस, वाढवलं, तर पुढच्या प्रत्येक पेशंटला ६-७ टक्के जास्त डोस जाईल. म्हणून बॅरोमीटर बंकरजवळच हवा, आणि तोही वेळोवेळी तपासून घेतलेला. तापमानही स्लॅबमधलं घ्यायचं, खोलीचं नाही. दुसऱ्या खोलीतून आणलेले स्लॅब बंकरच्या तापमानाला यायला वेळ लागतो.

रोजच्या तपासणीत ३ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो. त्यापुढे गेला तर पेशंट आत घ्यायचा नाही. आधी दाब-तापमानाची नोंद, चेंबरची जागा आणि केबल पुन्हा बघायची, दुसऱ्या चेंबरने मोजायचं, आणि तरीही आकडा जुळला नाही तरच यंत्राला हात लावायचा.