उद्या पहाटे सिंहगड

श्रोतेहो, नमस्कार.

"एकदा सिंहगडाला जाऊ या," असं घरात कुणीतरी म्हणतं आणि लगेच तारखा निघतात. या रविवारी लग्न, पुढच्या रविवारी पाहुणे, मग मुलांच्या परीक्षा. गड राहतो तिथेच. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे, बेत आखूच नका. रात्री जेवताना मनात आलं, की पहाटे साडेचारला उठून निघा. दिवस कामाचा असेल तर उत्तमच. रविवारी तिथे जत्रा असते. बुधवारी वाट मोकळी मिळते आणि अकराच्या आत माणूस कामावर हजरही होतो.

पुण्यापासून तीसेक किलोमीटर. खडकवासल्याच्या पाण्याकडेनं जायचं, डोणज्याहून आतकरवाडीला. तिथून पायवाट. चढ सुमारे ६०० मीटरचा. बऱ्यापैकी चालणाऱ्याला सव्वा-दीड तास पुरतो. घाटरस्त्यानं गाडी थेट वर जाते, पण पहाटेची खरी मजा पायवाटेलाच.

या चढाची एक गंमत आहे. जरा वेळ छातीवरचा चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचत गेले आणि त्यातून सह्याद्रीचा हा भाग घडला. कठीण थराचा कडा उभा राहतो, मऊ थर झिजून उतार होतो. दम लागून आपण जिथे टेकतो, ती बसायची जागासुद्धा त्या थरांनीच ठरवून ठेवलेली असते.

अर्ध्या वाटेवर फटफटायला लागतं. बॅटरी बंद करा. आता मागून झपझप पावलं ऐकू येतील. पायथ्याच्या गावांतल्या बायका डोक्यावर दह्या-ताकाची मडकी घेऊन वर निघालेल्या असतात. पदर खोचलेला, एक हात मडक्याला आणि श्वास आपल्यापेक्षा संथ. आपण रोजच्या रगाड्यातून सुटून इथे येतो. त्यांचा रोजचा रगाडा हाच. वर त्यांच्याकडून दही जरूर घ्या आणि भावात घासाघीस करू नका.

पुणे दरवाज्याच्या तीन कमानी ओलांडल्या, की माथा. उंची सुमारे १,३०० मीटर. हिवाळ्यात गेलात तर खाली सगळं धुक्यात बुडालेलं दिसेल. रात्रीची थंड, जड हवा दरीत उतरते, धुकं तिथेच साचतं आणि वर मात्र लख्ख उजाडतं. देवटाक्याचं गार पाणी पाहा, १७०० साली याच गडावर देह ठेवलेल्या राजाराम महाराजांच्या समाधीला नमस्कार करा आणि मग कल्याण दरवाज्याकडे चला. नैऋत्येकडे राजगड आणि तोरणा दिसतात.

गडाच्या पश्चिमेकडच्या कड्याकडे जरा वेळ बघत राहा. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे आणि त्यांचे मावळे अंधारात कडा चढून आले. माघ वद्य नवमी. चंद्र उगवायला मध्यरात्र उलटते. मळलेल्या वाटेनं, हातात बॅटरी घेऊन जो आत्ताच चढून आलाय, त्याला त्या रात्रीच्या चढाईचं मोल पायांतून कळतं. मला तर दर वेळी तिथून लवकर हलवत नाही.

हे सगळं पुण्याचंच आहे असं नाही. सातारकरांना अजिंक्यतारा घराच्या दारात आहे, नाशिककरांना पांडवलेण्याचा डोंगर. तिथे तर पाचला उठलात तरी चालेल.

मात्र बेत नसला तरी काळजी हवीच. अंधारात एकट्यानं निघू नका, घरी सांगून जा, पाणी आणि बॅटरी सोबत ठेवा. पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून पाय सटकतो आणि दरडीही कोसळतात. त्या दिवसांत उजाडल्यावरच निघा. पायांत बूट चांगल्या पकडीचे असू द्या, उतरताना ते जास्त लागतात.

नमस्कार.