रोबोवी म्हणाला, "पाचच!"

नमस्कार श्रोतेहो.

दसऱ्याला आपण स्कूटरला झेंडूची माळ घालतो. ऐन चटणीच्या वेळी मिक्सर बंद पडला की त्याच्या नावानं बोटंही मोडतो. पण "मिक्सर माझ्याशी खोटं बोलला" असं कुणी म्हणतं का? नाही ना? मग ऐका.

गोष्ट आहे अमेरिकेतल्या सिएटलची. वॉशिंग्टन विद्यापीठात पीटर कान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, २०१२ साली तो प्रसिद्ध झाला. त्यात रोबोवी नावाचा रोबो होता, जपानमध्ये बनलेला. त्याला डोकं, डोळे, दोन हात आणि खाली चाकं. कॉलेजची चाळीस मुलंमुली एकेक करून त्याच्याकडे यायची. आधी इकडच्या तिकडच्या गप्पा. मग खेळ: दोन मिनिटांत खोलीतल्या सात वस्तू शोधायच्या. सात सापडल्या की वीस डॉलर बक्षीस. मोजणार रोबोवी.

खेळ इतका सोपा ठेवला होता की सात वस्तू प्रत्येकाला सापडायच्याच. वेळ संपली की रोबोवी शांतपणे सांगायचा, "पाचच सापडल्या." अहो, सात! मी सात मोजल्यात! रोबोवी म्हणे, पाचच. आणि ही शिकलीसवरलेली मुलं चाकांवरच्या त्या खोक्याशी हुज्जत घालत उभी.

(आमच्या लिफ्टमधली बाईसुद्धा "कृपया दरवाजा बंद करा" म्हणत राहते. तिचा मला राग नाही. राग येतो तो तिसऱ्या मजल्यावर दार उघडं टाकून जाणाऱ्यांचा.)

तर नंतर प्रत्येकाला विचारलं: झाल्या प्रकाराचा दोष रोबोवीचा का? शंभरात पासष्ट जणांनी थोडाफार दोष त्याच्या पदरात टाकला. पुन्हा सांगतो, शंभरात पासष्ट. पैसे गिळणाऱ्या विक्रीयंत्राला देतील त्याहून जास्त दोष, आणि माणसाला देतील त्याहून कमी. विक्रीयंत्राहून जास्त, माणसाहून कमी. दोघांच्या मधली ही जागा कोणती, याला आपल्याकडे अजून शब्द नाही. मला वाटतं, हा सगळा त्या आधीच्या गप्पांचा प्रताप. मिक्सर कधी आपली विचारपूस करत नाही!

आणि हो, सांगायचं राहिलंच. रोबोवी स्वतःहून काहीच बोलत नव्हता. त्याला दुरून एक संशोधक चालवत होता. समोर हुज्जत घालणाऱ्यांना त्याचा पत्ताच नव्हता.