वर जाणं वेगळं, कक्षेत पोहोचणं वेगळं

[हातात बॅडमिंटनचं फूल]

हे फूल कसंही फेका, उलटं फेका, आडवं फेका. खाली येताना बूच पुढे आणि पिसं मागे. कुणी सरळ करावं लागत नाही.

अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांनी असंच वागणारं यान बांधलं, स्पेसशिपवन. पैसा मायक्रोसॉफ्टवाल्या पॉल ॲलन यांचा. समोर एक कोटी डॉलरचं अन्सारी एक्स प्राइझ. अट काय, तर एक वैमानिक आणि दोन प्रवाशांइतकं वजन घेऊन 100 किलोमीटरवर जायचं, आणि तेच यान दोन आठवड्यांच्या आत पुन्हा न्यायचं.

हे यान जमिनीवरून उडत नाही. व्हाइट नाइट नावाचं विमान त्याला पोटाखाली अडकवून साधारण 14 किलोमीटरवर नेतं आणि सोडतं. मग मोटर पेटते. इंधन म्हणजे घट्ट रबर, ते जाळायला टाकीत नायट्रस ऑक्साइड. झडप बंद केली की जाळ विझतो, म्हणून ही जोडी सोयीची. पण निरुपद्रवी नाही बरं का. 2007 मध्ये कॅलिफोर्नियातल्या मोहावीला नायट्रस ऑक्साइडच्या चाचणीत, मोटर पेटवलेलीसुद्धा नसताना, स्फोट होऊन तिघे गेले.

जळण जेमतेम सव्वा-दीड मिनिटाचं. पुढे यान फेकलेल्या चेंडूसारखं नुसतं वर जातं. वर गेल्यावर पंखाचा मागचा भाग शेपटीसकट 65 अंशांच्या आसपास उभा होतो. झालं फूल! हवेचा अडथळा वाढतो, यान आपोआप पोट खाली करतं, वेग विरळ हवेतच मोडतो आणि फारसं तापत नाही. 4 ऑक्टोबर 2004 ला ते 112 किलोमीटरवर गेलं आणि बक्षीस खिशात.

हीच युक्ती व्हर्जिन गॅलॅक्टिकवाल्या रिचर्ड ब्रॅन्सन यांच्या स्पेसशिपटूमध्ये आली, आणि 31 ऑक्टोबर 2014 ला तिथेच घात झाला. शेपटीसाठी वैमानिकांजवळ दोन दांडे असतात. एक कुलूप काढतो, दुसरा शेपटी उचलतो. कुलूप काढायचं ध्वनीच्या 1.4 पट वेगाला. सहवैमानिकाने ते 0.8 पट ओलांडल्याबरोबर काढलं. दुसऱ्या दांड्याला कुणी हातही लावला नव्हता. पण ध्वनीच्या वेगाच्या आसपास शेपटीवर हवेचा जोर इतका असतो, की तो पेलण्यासाठीच ते कुलूप असतं. शेपटी आपोआप उचलली गेली आणि यान फुटलं. सहवैमानिक गेला, वैमानिक पॅराशूटने वाचला. चौकशीचा रोख फक्त सहवैमानिकाच्या हातावर नव्हता. एका माणसाच्या एका चुकीने यान जाऊ शकतं, हे रचनेत धरलंच नव्हतं. पुढच्या यानात कुलूप वेळेआधी निघणारच नाही अशी अडकण बसवली.

जुलै 2021 आठवतो? आपापल्या यानातून 11 तारखेला ब्रॅन्सन गेले, 20 तारखेला ॲमेझॉनवाले जेफ बेझोस. एक 86 किलोमीटरवर, दुसरा 107 वर. मग ‘खरं अवकाश कुठून’ यावर वाद. मला विचाराल तर तो वाद किरकोळ आहे, कारण दोघेही तिथे थांबले नाहीत, लगेच खाली आले.

[फळ्यावर दोन आकडे]

एक किलो वस्तू 100 किलोमीटर उचलायला साधारण 10 लाख ज्यूल. तीच कक्षेत फिरत ठेवायला सेकंदाला 7.8 किलोमीटर आडवा वेग लागतो, म्हणजे 3 कोटी ज्यूल. तीसपट! स्पेसएक्सवाल्या इलॉन मस्क यांची झुंज पहिल्यापासून या दुसऱ्या आकड्याशी होती.

त्यांचं पहिलं रॉकेट फाल्कन-1, दोन टप्प्यांचं, म्हणजे एकावर एक बसवलेल्या दोन भागांचं. त्याची पहिली तीन उड्डाणं फसली. 2006 ला समुद्राच्या खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचा एक नट गंजला, इंधन गळलं, आग लागली. 2007 ला वरच्या टप्प्याच्या टाकीत द्रव हिंदकळला आणि यान डोलू लागलं. तिसरं, ऑगस्ट 2008, माझं आवडतं. नव्या इंजिनात थंडाव्यासाठी केरोसीन भिंतीतल्या नळ्यांतून फिरत होतं. इंजिन बंद झाल्यावर तिथलं उरलेलं इंधन बाहेर येत राहिलं आणि थोडासा जोर मिळत राहिला. जमिनीवरच्या चाचणीत तो दिसलाच नाही, कारण बाहेरच्या हवेचा दाब त्याहून जास्त. वर हवा नाही. सुटा झालेला खालचा टप्पा पुढे सरकला आणि वरच्याला मागून धडकला. उपाय? इंजिन बंद करणं आणि टप्पे सुटणं यांच्यातला थांबा काही सेकंदांनी वाढवला. आठ आठवड्यांनी, 28 सप्टेंबरला, चौथं रॉकेट कक्षेत.

उतरण्यातही तोच फरक. बेझोस यांचं न्यू शेपर्ड रॉकेट नोव्हेंबर 2015 ला उभं उतरलं, मस्क यांच्या फाल्कन-9 चा खालचा टप्पा महिन्याभराने. ट्विटरवर टोमणे झाले. पण न्यू शेपर्ड सरळ वर जाऊन सरळ खाली येतं, आणि इंजिनाचा जोर कमी करून जमिनीवर क्षणभर तरंगूही शकतं. फाल्कनचा टप्पा ताशी सुमारे 6,000 किलोमीटरने पुढे निघालेला असतो, आधी त्याला मागे वळवायचं. शिवाय रिकाम्या टप्प्याला एकाच इंजिनाचा कमीत कमी जोरसुद्धा वजनाहून जास्त पडतो, म्हणून तरंगणं नाही. वेग शून्य आणि उंची शून्य एकाच क्षणी जुळली पाहिजे. लवकर पेटवलं तर रॉकेट परत वर निघतं, उशिरा पेटवलं तर आपटतं.

बेझोस कक्षेच्या या खेळात उतरले ते न्यू ग्लेन रॉकेट घेऊन. जानेवारी 2025 ला ते कक्षेत गेलं, पण खालचा टप्पा हातचा गेला. नोव्हेंबरमध्ये दुसऱ्या उड्डाणात तो समुद्रातल्या जहाजावर उभा राहिला.